ताईच्या गोधडीवरचं नाव

प्रिय मीरा आणि निखिल,

मीरा, गेल्या आठवड्यात तू तिकडच्या दुकानातून मला एका फळीचा फोटो पाठवलास. फळीवर कापडावर खुणा करायच्या चार प्रकारच्या पेन्सिली आणि पेनं होती. एकाची रेघ पाण्याने जाते, एकाची दोन दिवसांत आपोआप उडते, एकाची गरम इस्त्रीने जाते आणि चौथं लेबलांसाठी, त्याची कधीच जात नाही. यातलं कुठलं घेऊ, असं तू विचारलंस. मी उत्तर पाठवलं, "आधी ओलं करून बघ." तू अंगठा पाठवलास. तेवढ्यावर विषय संपला असं तुला वाटलं असेल, पण ते उत्तर अपुरं होतं. पूर्ण उत्तर द्यायला मला आठ दिवस आणि अर्धी वही लागली. शिवाय मी आता ज्या वयाची आहे त्या वयात उत्तरं पुढच्या भेटीवर ठेवू नयेत. निखिल, तुला शिवणात रस नाही हे मला माहीत आहे. तू बिब्ब्यापर्यंत वाच. तिथे भाजण्याचा प्रसंग आहे.

आम्ही तेव्हा कलकत्त्यात भवानीपूरला एका घराच्या पहिल्या मजल्यावर राहत होतो. माझे वडील, म्हणजे दादा, नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत होते. त्यांच्या टेबलावर पेन्सिली टोकाच्या बारकाईप्रमाणे ओळीने लावलेल्या असत. आम्ही मुली त्यांना हात लावत नसू. असा नियम कोणी केलेला नव्हता, पण होता. खालच्या मजल्यावर घरमालकीण काकीमा राहत. दिवेलागणीला त्यांचा शंख वाजे आणि त्याच वेळी वर आमची आई परवचा म्हणायला बसवी, त्यामुळे पावकीला शंखाची साथ असते अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. रस्त्यावरून ट्राम जाताना कपाटातल्या कपबशा किणकिणत. आईला ज्वारीचं पीठ मिळत नसे. नागपूरहून कोणी आलं तर पिशवीतून येई आणि मग आम्ही चार दिवस भाकरीच्या बाबतीत श्रीमंत असू. त्याऐवजी थंडीत खजुराचा ताजा गूळ येई. आईने पहिल्या वर्षी तो नाक मुरडून घेतला, दुसऱ्या वर्षी त्याच्या गुळपोळ्या केल्या आणि तिसऱ्या वर्षी पुण्याच्या मामाला लिहिलं की तुमच्याकडचा गूळ नुसता गोड असतो.

मी तेरा वर्षांची होते. मेमांच्या शाळेत जात होते आणि सुबक रेघा मारण्याबद्दल वर्गात माझं नाव होतं. दुसऱ्या कशाबद्दल नव्हतं. माझी ताई, इंदू, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आदल्या वर्षी तिचं लग्न हावड्याच्या साठ्यांकडे झालं. साठ्यांची तिसरी पिढी तिथे होती. त्यांचा मुलगा यशवंत एका ओतकामाच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या खात्यात होता. दादांना हे स्थळ पेन्सिलीमुळे पसंत पडलं असं आई म्हणे. लग्नात रीतीप्रमाणे ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवऱ्यामुलाने बायकोचं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं नाव होतं सुलोचना. तांदळात अक्षरं नीट उमटत नाहीत, त्यामुळे ते दोनदा लिहावं लागलं. ताई माझ्या कानात म्हणाली, "ताम्हन हलवलं तर मी परत इंदू होते का गं?"

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा ताई खोकला घेऊन माहेरी आली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि दादांना बाहेर बोलावलं. त्यानंतर ताईची मागची खोली वेगळी झाली. तिचा कप वेगळा, ताट वेगळं आणि मला उंबऱ्याच्या आत जायला बंदी. मी उंबऱ्याच्या अलीकडे पाट टाकून बसे, ती पलीकडे खाटेवरून बोले. तिसऱ्या आठवड्यात हावड्याहून हातगाडीवरून तिची लग्नातली ट्रंक आली. ट्रंकेबरोबर चिठ्ठी नव्हती. किल्लीही नव्हती. आईने ट्रंक व्हरांड्यात ठेवून घेतली, गाडीवाल्याला पाणी दिलं आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरली. सगळ्यांनी भाजी संपवली.

मग इस्पितळातून पत्र आलं. गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, मोकळ्या हवेत बांधलेलं क्षयाचं इस्पितळ होतं ते, आणि तिथे एक खाट रिकामी होणार होती. दहा दिवसांनी यायचं होतं. पत्राला नियमांचा छापील कागद जोडलेला होता. इंग्रजी घरात दादांच्या खालोखाल मला येत असल्यामुळे तो मी आईला वाचून दाखवला. घरचं पांघरूण एकच आणता येईल. ते दर आठवड्याला उकळलं जाईल. त्यावर रुग्णाचं संपूर्ण नाव, दाखल्यावर असेल तेच, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, उकळूनही न जाणाऱ्या शाईने घातलेलं असावं. नाव नसलेलं किंवा वाचता न येणारं कापड जाळण्यात येईल.

"जाळण्यात?" आई म्हणाली.

"जाळण्यात," मी म्हणाले. मी भाषांतरात कधी सूट देत नसे.

आईने पेटीच्या तळातून माझ्या आजीचं जुनेर काढलं. आजी जाऊन पाच वर्षं झाली होती. तिची दोनच लुगडी राहिली होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. एक फिकट पिवळं, एक जवळजवळ पांढरं. ताई लहानपणी याच पांढऱ्याच्या पदरात तोंड घालून झोपे. आई म्हणाली, तीन थर घालू, पांढरं वर घेऊ, म्हणजे पोरीला घरचा वास येईल. तिची नजर तेव्हा अधू होत चालली होती, धावदोरा सरळ जात नसे. म्हणून तिने मला दोन कामं दिली. गोधडीवर बोट बोट अंतराने रेघा आखायच्या, त्या शिवून झाल्यावर जायला हव्यात. आणि नावाचं लेबल करायचं, ते कधीच जायला नको.

आयुष्यात एवढं स्पष्ट काम मला पुन्हा कोणी दिलं नाही. मी मांजरपाटाची एक लांब पट्टी घेतली, तिच्यावर चौकटी आखल्या आणि घरात ज्या ज्या वस्तूने खूण उमटते ती वस्तू गोळा केली. शाळेचा खडू, एस्प्लनेडहून आणलेला शिंप्याचा चपटा खडू, साबणाची वाळलेली चिप, नीळ, फाउंटन पेनची शाई, हळद. ताईने पलीकडून सुचवलं म्हणून तिचं कुंकूही. दादांनी हे सगळं पाहिलं, ते आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलावरची एक पेन्सिल आणून मला दिली. "हिचं टोक बारीक राहतं," ते म्हणाले. दादांनी कोणाला पेन्सिल दिल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माझी पद्धत अशी होती. रेघेसाठीच्या वस्तूंची परीक्षा रबराने आणि हाताने चोळून घ्यायची, कारण त्यांना जायचं आहे. लेबलासाठीच्या वस्तूंची परीक्षा पातेल्यात उकळून घ्यायची, कारण त्यांना राहायचं आहे. निकाल मी वहीत लिहिले. शाळेचा खडू आईच्या मांडीवरच जातो. शिंप्याचा खडू जाड रेघ काढतो, टोक बोथट. साबणाची चिप पांढऱ्यावर दिसत नाही. नीळ आणि शाई उकळल्यावर पाण्यात जातात आणि वरणाचं पातेलं खराब करतात. हळद साबण लागताच लाल होते, का ते समजत नाही. कुंकवाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दादांची पेन्सिल: रेघ बारीक, करडी, रबराने स्वच्छ जाते. उत्तम.

ती कॉपिंग पेन्सिल होती. ओल लागली की तिची करडी रेघ जांभळी होते आणि मग ब्रह्मदेव आला तरी जात नाही. सरकारी कागदावरची सही कोणी पुसू नये म्हणूनच ती असते. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला हे माहीत होतं, कारण त्या पेन्सिली चाटत आणि जिभा जांभळ्या करून हिंडत. मी पेन्सिल चाटत नसे.

दोन दिवस बसून मी पांढऱ्या लुगड्यावर फूटपट्टीने रेघा मारल्या. एकूण शहाऐंशी. एकही वाकडी नव्हती. आईने तीन थर जमिनीवर अंथरले आणि सुरकुत्या बसाव्यात म्हणून, नेहमी करी तसा, तांब्यातल्या पाण्याचा हबका मारून वरून हात फिरवला. मी समोर उभी होते. आधी तिच्या हाताखाली एक पट्टा जांभळा झाला. तिने हात उचलून तळवा पाहिला. मग जिथे जिथे पाणी पडलं होतं तिथे एकेक रेघ जागी होत गेली. अगदी भडक जांभळी, वांग्याच्या सालीची. आईने तांब्या उचलून मोरीत नेऊन ठेवला. आमच्या घरात हे रागावण्यापेक्षा वाईट होतं. मी रबर आणलं आणि चोळलं. तिथे डाग पडला.

"काय झालं?" ताईने आतून विचारलं.

"शहाऐंशी रेघा जांभळ्या झाल्या," मी म्हणाले.

"उचलून दाखव बघू."

आम्ही दोन टोकं धरून गोधडी उंबऱ्यापाशी उभी केली. ताईने बराच वेळ पाहिली. "एकरेघी वही झालीय," ती म्हणाली. "वर शुद्धलेखन लिहायला द्या म्हणजे तिथे वेळ जाईल." मग तिला हसू आलं आणि हसण्यातून खोकला, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही ती गोधडी तशीच धरून उभ्या होतो.

संध्याकाळी दादांना दाखवली. ते म्हणाले, "ती कॉपिंग पेन्सिल आहे."

"हे देताना सांगायचं होतंत," आई म्हणाली.

"मला वाटलं, लेबलासाठी हवी आहे."

दादा दोष नेहमी समान वाटून घेत. त्या दिवशी त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही, म्हणजे निम्मा त्यांनी घेतला होता.

सात दिवस उरले होते आणि आजीचं दुसरं पांढरं लुगडं जगात नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकीमा वाटीतून शुक्तो, म्हणजे त्यांची कडू भाजी, घेऊन वर आल्या. त्यांना आमच्या घरात काही बिघडलं की वासाने कळे. जमिनीवर गोधडी पाहून त्या माझ्याकडे वळल्या, "ए की कोरेछो, खुकू?" मी काय केलं ते मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, गुडघ्यांवर बसल्या आणि एका रेघेवरून बोट फिरवलं. मग आईला त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "दीदी, रेघ जाएगा नहीं. तो उसको रहने दो. ऊपर से सी दो." त्यांच्याकडे काठासाठी ठेवलेल्या फाटक्या साड्या होत्या. बंगाली बायका कांथा, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना जुन्या काठातले रंगीत दोरे उसवून वापरतात. आमच्याकडे तेव्हा पांढऱ्यावर पांढराच दोरा घालत. काकीमांनी एका जांभळ्या काठातून दोरे ओढून काढले, तीन तीन एकत्र पिळले आणि माझ्या चुकीवरून टाके घालायला बसल्या.

पाच दुपारी त्या दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. आई कडेकडून आत जाई, काकीमा मधून बाहेर येत. प्रत्येकीला दुसरीची पद्धत अशास्त्रीय वाटे आणि दोघींचं हिंदी भांडणाला पुरेसं नव्हतं. "ऐसे से कपड़ा फुगता है," आई म्हणे. "फूलेगा नहीं, दीदी, फूलेगा नहीं." कापड थोडं फुगलं. कोणामुळे, ते ठरलं नाही. ताई खाटेवरून दोघींच्या टाक्यांची लांबी पंचासारखी जाहीर करी. काकीमांनी मध्येच तिला विचारलं, "आणि तुझा नवरा कधी येणार?" ताई म्हणाली, "किल्ली सापडली की." काकीमांनी सुईत नवा दोरा ओवला.

लेबलाचं उत्तर मला दादांच्या सदऱ्यात सापडलं. सदरा फाटून पुसायला काढला होता, कॉलर विरली होती, पण आत धोब्याची काळी खूण जशीच्या तशी होती. आई म्हणाली, "बिब्ब्याची आहे ती. परटाची खूण कधी गेलेली पाहिलीस?" बिब्बा आईच्या औषधांच्या डब्यात असे, सुपारीएवढं काळं टणक फळ. त्याला दाभण टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल सुटतं. त्या तेलाने काडीने लिहायचं आणि वरून ओला चुना लावायचा. अक्षर जन्मभर राहतं. तेल कातडीला लागलं तर तेही बरेच दिवस राहतं. मी पट्टीवर नुसता एक ठिपका काढून दोन तास उकळून पाहिला, आणि या वेळी आधी ओला करूनही पाहिला. ठिपका होता तिथेच होता. साधन ठरलं. काय लिहायचं ते ठरलं नव्हतं.

दादा म्हणाले, "सुलोचना यशवंत साठे. दाखल्यावर तेच घालायचं." आई म्हणाली, "इंदू गोविंद लेले." दादा म्हणाले, तिचं लग्न झालं आहे. आई व्हरांड्यातल्या ट्रंकेकडे पाहून म्हणाली, "ते त्यांना सांगा. तिथे वर्ष काढायचंय पोरीला. मध्येच त्यांनी कळवलं की आमचा संबंध नाही, की दाखल्यावरचं नाव बदलायचं, आणि लेबल बदलता येणार नाही. मग जाळतील माझ्या सासूबाईंचं लुगडं." लुगड्याबद्दल बोलत होती खरी. दादा म्हणाले, "आणि आपणच माहेरचं नाव घातलं, तर संबंध आपण तोडल्यासारखा होईल." दोघांचंही बरोबर होतं. मी उंबऱ्यापाशी जाऊन ताईला विचारलं. ती म्हणाली, "इंदू बिब्ब्याने लिही. बाकीचं खडूने."

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी मी व्हरांड्यात दिवा, बिब्बा, काडी आणि चुन्याची डबी घेऊन बसले होते. दादांनी शेवटचं सांगितलं होतं, दहा वाजेपर्यंत कोणी आलं नाही तर इंदू गोविंद लेले. साडेनऊला जिन्यात बूट वाजले. यशवंतराव आले होते. हडकलेले दिसत होते, हातात टोपी होती. ते कोणाकडेच न पाहता म्हणाले, "ट्रंकेची किल्ली राहिली होती."

आईने किल्ली घेतली आणि त्यांना बसा म्हटलं नाही. माझ्या आठवणीत हे एकदाच घडलं. आतून ताईचा आवाज आला, "कुमू, कोण आहे?"

"भाऊजी," मी म्हणाले. "किल्ली घेऊन आलेत."

"उंबऱ्यापाशी या म्हणावं. आत येऊ नये म्हणावं."

ते आमच्या पाटाशी जाऊन उभे राहिले. ताईची आणि त्यांची दोन महिन्यांनी भेट होत होती. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "माझ्या गोधडीवर नाव घालायचंय. ते निघत नाही. कुणाचं घालायचं ते सांगा."

यशवंतरावांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या घरी काय चाललं असेल ते आज मला कळतं. तेव्हा मला इतकंच कळत होतं की बिब्बा मी दिव्यावर धरून ठेवलाय, तेल सुटलंय आणि काडीवर ते घट्ट व्हायला लागलंय. बिब्बे घरात दोनच होते.

"भाऊजी, लवकर सांगा," मी ओरडले. "वाळतंय."

ते दचकले. "माझं घाला," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, "माझंच घाला."

"ठीक," ताई म्हणाली. "पहिलं नाव मी सांगते. कुमू, लिही. इंदू यशवंत साठे."

आई स्वयंपाकघराच्या दारात थिजली. त्या काळी बायका उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसत, आणि ताईने ते वाण्याच्या यादीसारखं घेतलं होतं. यशवंतराव म्हणाले, "आईने सुलोचना ठेवलंय..."

"त्या उकळायला येणार नाहीत," ताई म्हणाली.

मी लिहिलं. शेवटच्या अक्षराशी तेल बोटावर ओघळलं. मला ते कळलं, पण पुसायला थांबले असते तर काडीवरचं वाळलं असतं. म्हणून आधी अक्षर पुरं केलं, त्यावर चुना लावला आणि मग हात खोबरेल तेलात बुडवला. निखिल, फोड तिसऱ्या दिवशी आला. सुपारीएवढा होता. तपशील हवा असेल तर फोनवर विचार.

दादांनी दाखल्यावर तेच नाव घातलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदावर ते नव्हतं. स्टेशनवर सोडायला यशवंतराव आले होते, तिची बिछान्याची वळकटी त्यांनी उचलली होती. तीन आठवड्यांनी ताईचं पत्र आलं: "गोधडी पहिल्यांदा उकळली. तिच्याबरोबर घातलेल्या वॉर्डातल्या सगळ्या चादरी जांभळट झाल्या आहेत. मेट्रन चौकशी करताहेत. मी गप्प आहे. लेबल उत्तम." दादांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावरच्या सगळ्या कॉपिंग पेन्सिली कचेरीत परत नेऊन दिल्या.

ताई सोळा महिन्यांनी घरी आली. नव्या इंजेक्शनांनी ती वाचली. गोधडीनेच वाचली असं आई शेवटपर्यंत म्हणे, आणि काकीमा त्यात कांथ्याचा वाटा मागत. यशवंतरावांनी शिबपूरला वेगळ्या दोन खोल्या घेतल्या. सासूबाई दर रविवारी जेवायला येत आणि तिला सुलोचना म्हणत. ताई तिसऱ्या हाकेला ओ देई. तुम्ही तिला पाहिलं ते अगदी थकल्यावर. तुमच्यासाठी ती इंदूआजी होती, आणि तिचं कधी दुसरं काही नाव होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

तेव्हा मीरा, चारांपैकी कुठलंही घे. पण ज्या कापडावर रेघ मारायची आहे त्याच कापडाच्या तुकड्यावर आधी मार, आणि तो तुकडा ओला कर, साबण लाव, उकळ, इस्त्री कर. जी रेघ जायला हवी तिच्यावर सगळे प्रयोग कर. राहणाऱ्या रेघेवर मी केलेच होते, चुकले ते दुसरीकडे. लेबलावर काय लिहायचं ते मात्र दुकानात जाण्याआधी ठरव.

गोधडी चाळीस वर्षं वापरात होती. आजीचं पांढरं लुगडं आधी विरलं, मग पिवळं, मग काकीमांचे दोरे सुटले. जांभळा रंग तर इस्पितळातच गेला होता, शेवटी उकळण्याने तोही गेला हे मी माझ्या वहीत नंतर नोंदवलं आहे. ताईने उरलेल्या चिंध्या टाकल्या आणि लेबल कापून मला पाठवलं. माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक फिका डाग आहे. लेबल माझ्या कपाटात वरच्या खणात, डाव्या हाताला, पाकिटात आहे. नाव वाचता येतं.